लाल गाडी कोणी थांबवली

ताई,

काल किशोरशेठ येऊन गेले. तू गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. ओसरीवर खुर्ची दिली, चहा दिला, आणि उठता उठता ते सहज एक गोष्ट बोलून गेले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ती गोष्ट खरं तर तुला सांगायची होती. आली चुकीच्या माणसाकडे, तीही तुझी तेरवी होऊन गेल्यावर. आता ती तुझ्यापर्यंत कशी पोचवायची हे मला समजत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. पण एकदम सांगणार नाही. इतकी वर्षं तू मला खोटारडा म्हणत आलीस, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगेन. मधेच तोंड घालून माझं बोलणं तोडायची तुझी सवय होती. या वेळी तू तोडणार नाहीस, आणि तेच मला सहन होत नाहीये.

तू गेल्यावर घरी माणसांची रीघ लागली होती. समुद्रपूरहून तुझे विद्यार्थी एस.टी.नं आले. त्यातला एक चांगला मिशीवाला गडी डोळे पुसत म्हणाला, "बाईंनी आमच्यावर कधी आवाज नाई चढवला." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाबा रे, तू कधी तिच्या शेजारच्या सीटवर बसला नाहीस. मला तू गाढव म्हटलंयस, भित्रा म्हटलंयस, आणि एकदा भर बाजारात गाडी उभी करून मलाच माझ्या गाडीतून खाली उतरवलंयस. लोक ज्या बाईंबद्दल बोलत होते त्या बाई मला फारशा ओळखीच्या वाटल्या नाहीत. मला माझी बहीण हवी होती, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलेना.

तर पहिल्यापासून. तू गाडी शिकलीस तेव्हा माझी मोटर ट्रेनिंग स्कूल नवी होती. स्कूल म्हणजे काय, तर एक जुनी करडी गाडी, एक पाटी आणि मी. गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, मी एक जादा ब्रेक बसवून घेतला होता. शिकणाऱ्यानं घोळ केला की मी माझा ब्रेक दाबायचो. गाडी थांबायची, आणि शिकणाऱ्याला वाटायचं आपणच थांबवली. त्याचा धीर वाढायचा, माझी गाडी वाचायची. ही सोय सगळ्यांना पसंत होती, एकट्या तुला सोडून.

तू समुद्रपूरच्या शाळेत होतीस. शनिवारी एस.टी.नं वर्ध्याला घरी यायचीस, आणि एस.टी.त नेहमी अशी जागा धरायचीस जिथून ड्रायव्हरचे पाय दिसतील. एका शनिवारी पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणालीस की मला गाडी शिकव. आई चुलीपाशी होती.

"आता या वयात मोटर कायले पाह्यजे तुले?" आई म्हणाली. "मोटर तरी आहे का तुह्यापाशी?"

"मोटर नाई. हातपाय तं आहे," तू म्हणालीस.

तू लवकर शिकलीस. कडक कांजीच्या साडीचा पदर कमरेला खोचून, पाठ सरळ ठेवून बसायचीस, वर्गात हजेरी घेताना बसत असशील तशी. गिअर टाकताना खालचा ओठ दाताखाली धरायचीस. आणि मग एके दिवशी रेल्वे फाटकाजवळ एक सायकलवाला आडवा आला, गाडी थांबली, आणि तुझ्या डोक्यात तो किडा शिरला.

"मध्या, आता थांबली थे म्या थांबवली का तू?"

"तूच."

"तुहा पाय हालला."

"सवयीनं हालला. दाबला नाई."

"खोटारडा."

आता तुझ्यापासून काय लपवायचं? कधी मी दाबायचो, कधी नाही. बऱ्याचदा मलाच कळायचं नाही. या धंद्यात पाय आपोआप जातो. मी एस.टी.त बसलो तरी ड्रायव्हरच्या जोडीनं ब्रेक दाबत असतो आणि शेजारचा माणूस माझ्याकडे संशयानं बघतो. पण तुला हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. देवळीच्या रस्त्याला एका बाभळीखाली तू गाडी उभी केलीस, इंजिन बंद केलंस आणि समोर बघत बोलायला लागलीस.

"बाबांनी मले नागपूरले शिकाले जाऊ देलं नाई. थांब म्हणाले, थांबली. मंग थे सोयरीक आलती. तू लहान होता, तुले याद नसन. तवाबी थांब म्हणाले. शाळेत बदली मागतली तं सायेब म्हणते, थांबा बाई. मले थांबायचं दुःख नाई रे. पण एक तरी चीज अशी पाह्यजे का म्याच चालवली अन् म्याच थांबवली. तुह्या गाडीत थे होत नाई."

त्या सोयरिकीबद्दल तू आयुष्यात तेवढंच बोललीस. मी विचारायला हवं होतं, कोण होता तो, तुझ्या मनात होता का. मी म्हटलं, "मंग एक बैलबंडी घे." तू हसलीस, गाडी सुरू केलीस, आणि तो विषय गेला तो गेलाच. पुन्हा विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि आता विचारून काय?

तुला लायसन मिळालं. त्या दिवशीही परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर होते आणि शेजारी मी. आईनं पेढे आणायला सांगितले, तर तू म्हणालीस, "पास कोण झालं थे पयले ठरू दे." लायसन डब्यात ठेवून दिलंस. मी चिडलो होतो. माझ्या हाताखालून शिकून गेलेला किराणा दुकानदाराचा पोरगा लायसन खिशात घालून गावभर मिरवत होता, आणि तू, त्याच्याहून शंभर पट बरी चालवणारी, तोंड पाडून बसली होतीस.

आणि मग किशोरशेठ आले. कापसाच्या जिनिंगवाल्या घरातले, राहायला नागपूरला, बहीण वर्ध्यात दिलेली. त्या बहिणीला मी गाडी शिकवली होती म्हणून त्यांचा माझ्यावर लोभ. त्यांच्याकडे एक लाल परदेशी गाडी होती, बिनटपाची, दोनच सीटची, इतकी बुटकी की आत बसलं की रस्ता पाटावर बसल्याइतका जवळ. शर्यतीची गाडी, असं सगळे म्हणायचे. एक दिवस ते म्हणाले, "मधुभाऊ, नवमीला सबको छुट्टी आहे. मी गाडी घेऊन येतो. तुमच्याकडे शिकून लायसन घेतलेले जे लोक आहेत ना, एक एक चक्कर मारू द्या सगळ्यांना. बाजूला तुम्ही बसा. एक दिन का मजा."

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू विळीवर भेंड्या चिरत होतीस. रंग कोणता, गाडी केवढ्याची, काही विचारलं नाहीस.

"त्या गाडीत तुह्या बाजूनं ब्रेक आहे का?"

"नाई."

तू विळी आडवी केलीस. "मंग माहं नाव पयलं लिहिजो."

नवमीला सकाळी गाडी आपल्या दारात उभी राहिली आणि गल्ली रिकामी होऊन आपल्या अंगणात आली. किशोरशेठनी उतरल्याबरोबर डिकीतून एक वीट काढली आणि मागच्या चाकाला लावली. मला गंमत वाटली. एवढी महागाची गाडी आणि वीट! पण श्रीमंत माणसाचा जीव गाडीत असतो, लावली असेल, म्हणून मी सोडून दिलं. कॉलेजचे प्राध्यापक आले होते, दवाखान्यातला कंपाउंडर आला होता, किराणावाल्याचा पोरगा काळा चष्मा लावून आला होता. सगळ्यांनी केसांना तेल लावलेलं, जणू गाडीच त्यांना बघायला येणार होती. तू नवं लुगडं नेसली होतीस आणि वेणी घट्ट घातली होतीस, वाऱ्यात सुटू नये म्हणून.

किशोरशेठ मला गाडीची माहिती द्यायला लागले. "गिअर चार आहेत. क्लच थोडा हार्ड आहे. मीटर मैलाचा आहे, किलोमीटरचा नाही. और एक बात ध्यान में रखना मधुभाऊ, ये जो..."

तेवढ्यात तू पूजेचं ताट घेऊन आलीस.

"थांबा शेठजी. नवमीच्या दिवशी पाव्हणा दारात आला, टिळा लावल्याबिगर गाडीचं काय सांगून राह्यले?"

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. तू त्यांच्या कपाळाला कुंकू लावलंस. मग गाडीकडे वळलीस. पुढच्या लाल पत्र्यावर हळदीचं स्वस्तिक काढलंस, स्टिअरिंगला झेंडूची माळ घातलीस, चारी चाकांखाली लिंबं ठेवलीस. विटेलाही कुंकू लावलंस, गाडीचीच आहे म्हणून. गाडीभोवती ताट ओवाळलंस आणि डोळे मिटून हात जोडलेस. तुझ्यामागे सगळ्या गल्लीनं जोडले. तुला इतक्या आनंदात मी फार कमी वेळा पाहिलं आहे. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "पण बाई, आता पूजा झाली."

सगळ्यांच्या नजरा स्टिअरिंगवरच्या माळेकडे गेल्या. खंडेनवमी. ज्या वस्तूची पूजा झाली तिला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माझी करडी गाडी, माझे पाने, जॅक, सगळं सकाळपासून अंगणात फुलं वाहून मांडून ठेवलं होतं. आई दारातून म्हणाली, "पूजलेलं आज हालवत नाई. आता उद्या."

माझं डोकं फिरलं. "लोखंड आहे थे! देव काय चावते का?"

किशोरशेठ म्हणाले, तुमचं काय ते तुम्ही ठरवा, मला सगळं चालतं. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू ताट हातात धरून उभी होतीस. तू फक्त "चला" म्हणाली असतीस तर ते सगळे गाडीत बसायला तयार होते. प्राध्यापकसुद्धा.

"नाई," तू म्हणालीस. "म्याच पूजली. माह्याच हातानं."

आणि आत निघून गेलीस. मी तुझ्या पाठीकडे बघत राहिलो. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. जेवताना मी तुला चिडवलं, "ही गाडी तं तूच थांबवली बावा. आता तरी पटलं ना?" तू हसली नाहीस. वाढत राहिलीस.

किशोरशेठ दिलदार माणूस. दसऱ्याला दुपारी त्यांना नागपूरला घरच्या पूजेला पोचायचं होतं, पण ते रात्री बहिणीकडे राहिले. "सकाळी ज्याला जमेल त्यानं या," म्हणाले. दसऱ्याला सकाळी कोण येणार? ज्याची त्याची घरी पूजा. काळा चष्मासुद्धा फिरकला नाही. तू मात्र अंघोळ करून, उत्तरपूजा करून, गाडीवर अक्षता टाकून, माळ काढून तयार होतीस. किशोरशेठ ओसरीवर चहा घेऊन बसले. "कल सब बता ही दिया है," म्हणाले आणि वीट काढायची खूण केली. मी काढली.

तू स्टिअरिंगवर बसलीस, मी डावीकडे. चार लिंबं चाकाखाली फुटली आणि आपण निघालो.

ताई, तो रस्ता मला अजून पाठ आहे. गाव संपेपर्यंत तू दुसऱ्या गिअरमध्ये होतीस. देवळीच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला, आणि तू तिसरा टाकलास, मग चौथा. वारा एवढा की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुझा पदर कमरेतून सुटून मागे फडफडत होता. मी मीटर बघितला. काटा साठावर.

"ताई, मैल! मैल आहे थे!" मी ओरडलो.

"काय?"

"किलोमीटर नाई! मैल!"

तुला ऐकू येत नव्हतं. तू हसत होतीस. माझा पाय गाडीच्या तळाला दाबत होता आणि तिथे काही नव्हतं, नुसता पत्रा. इतक्या माणसांना शिकवलं, पण शेजारी बसून काहीच करता न येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भीती वाटत होती आणि तुझ्याकडे बघून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

मग तू एक हात उचलून ओरडलीस, "मध्या, नीलकंठ!"

तारेवर नीलकंठ बसला होता. दसऱ्याच्या सकाळी नीलकंठ दिसला तर आपल्याकडचा कोणता माणूस बघायचा थांबेल? तू बघितलास, मीही बघितला. शिकवणारा मी, तोंड वर करून पक्षी बघत होतो. नजर खाली आली तेव्हा समोरच्या शेतांतल्या पांदणीतून एक बंडी अर्धी रस्त्यावर आलेली होती, आपट्याच्या फांद्यांनी भरलेली, वर एक म्हातारी बसलेली.

पुढचं फार थोड्या वेळात झालं. माझा पाय पत्र्यावर आदळला. माझा उजवा हात दोन सीटच्या मधे असलेल्या हँडब्रेकवर गेला. टायर ओरडले, गाडीची मागची बाजू जरा फिरली, आणि आपण थांबलो. बैलाचं तोंड गाडीच्या लाल नाकाच्या पुढ्यात होतं. बंडीवाला खाली उतरून बघायला लागला.

"काहो बाई," तो म्हणाला, "सीमोल्लंघन आमच्या बैलायवरूनच करता का?"

तू हसायला लागलीस. हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीनं बंडीवरून तुझ्या अंगावर आपट्याची डहाळी टाकली, दसरा आहे म्हणून. आणि ती उचलायला तू वाकलीस तेव्हा तुझी नजर हँडब्रेकवर गेली. तो वर ओढलेला होता. माझी मूठ त्याच्यावर अजून आवळलेली होती.

तुझं हसू गेलं. मी ते जाताना पाहिलं.

"तू ओढला," तू म्हणालीस.

"नाई. गाडी थांबल्यावर ओढला. सवय आहे."

"खोटारडा."

येताना तू अगदी हळू चालवलीस. किशोरशेठना गाडी दिलीस, हात जोडलेस, ते गेले. आईनं विचारलं कशी होती मोटर, तर म्हणालीस, "लाल होती."

त्यानंतर किती वर्षं आपण यावर भांडलो! दिवाळीत भांडलो, आंब्याच्या रसाच्या पंगतीत भांडलो, माझ्या पोरीच्या लग्नात मांडवाच्या दारात भांडलो. चारचौघांत तू त्याची मजा करून सांगायचीस. माझ्या प्रत्येक आगाऊपणाला तुझं ठरलेलं होतं, "ओढला का हँडब्रेक?" लोक हसायचे, मीही हसायचो. पण एकदा माझ्या गाडीतून मी तुला स्टँडवर सोडत होतो तेव्हा म्हटलं, चालव, मी पाय वर घेऊन बसतो, मांडी घालून. तू बाहेर बघत राहिलीस. "राहू दे. तुहा भरोसा नाई," म्हणालीस. त्यात मजा नव्हती. तुला खरंच वाटत होतं की तुझी ती एक सकाळही मी माझ्या मुठीत घेतली.

आणि ताई, मला खरं काय ते माहीत नव्हतं. मी ठासून "नाही" म्हणायचो, पण मला आठवतच नव्हतं. पाय आपोआप जातो तसा हातही गेला असेल. थांबायच्या आधी ओढला की नंतर, हे मी हजार वेळा आठवून पाहिलं. टायरचा आवाज आठवतो, बैलाचं तोंड आठवतं, माझा हात आठवत नाही. मी जे सांगत होतो ते खरं असावं, एवढीच माझी इच्छा होती.

मग तुझं दुखणं निघालं. त्याचं नाव मला इथे लिहायचं नाही. नागपूरच्या दवाखान्यात तुझ्या खाटेच्या डाव्या बाजूला स्टूल होतं, त्यावर मी बसायचो. डॉक्टर येऊन हळू आवाजात काही सांगून जायचे, दर वेळी आधीपेक्षा वाईट. औषधं बदलत गेली, तुझे हात बारीक होत गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी नुसता बसलेला. पाणी द्यायचं, उशी सारखी करायची, दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. एक दिवस शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला विचारलं, "भाऊ, पाय दुखून राह्यला का तुमचा?"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, टाच उचललेली, सगळा जोर पुढे.

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "नाई बाई. थो ब्रेक दाबून राह्यला."

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. "लागला का रे?"

तूच माझ्या हातावर थोपटलंस. मरत तू होतीस आणि समजूत माझी काढत होतीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती.

त्यानंतरच्या एका दुपारी तू शुद्धीत होतीस, जरा ताजीतवानी. मला जवळ बोलावलंस.

"मध्या, आता तरी खरं सांगजो. तू ओढलता ना?"

"नाई ताई. तूच थांबवली."

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. "आता तं तू असंच म्हणशीन," म्हणालीस. "जाणाऱ्या माणसाले कोण खरं सांगते?"

शपथ घेतली असती तरी तू मला बहिणीसाठी खोटी शपथ खाणारा भाऊच समजली असतीस. ते आपलं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर तू पाणी मागितलंस, आईचं नाव घेतलंस, पण भांडली नाहीस.

आता कालचं सांगतो.

किशोरशेठ म्हातारे झालेत. ती लाल गाडी त्यांनी केव्हाच विकून टाकली. तुझ्या फोटोला हात जोडून ते बसले आणि नवमीच्या पूजेची आठवण काढली. बाईजींनी विटेला कुंकू लावलं ते मी नागपूरला जाऊन सगळ्यांना सांगितलं, म्हणाले. मी त्यांना बंडीची गोष्ट सांगितली, ती त्यांना माहीत नव्हती. तुझं माझं भांडण सांगितलं. हँडब्रेकचं सांगितलं. ते कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"कौन सा हँडब्रेक?"

"मधला. सीटच्या मधला."

"अरे मधुभाऊ, वो तो मरा हुआ था! त्याची तार तुटलेली होती. ओढा, सोडा, काही होत नव्हतं. म्हणून तर मी वीट घेऊन फिरत होतो. सांगितलं होतं ना तुम्हाला?" मग ते थांबले. कपाळावर हात लावला, जिथे तू कुंकू लावलं होतंस तिथेच. "सांगत होतो. बाईजी ताट घेऊन आल्या."

मी उठलो. आतल्या खोलीकडे निघालो, जिथे तू शनिवारी येऊन पडायचीस. "ताई" एवढं तोंडातून निघालंही. उंबऱ्यापाशी गेल्यावर आठवलं. किशोरशेठ मागून विचारत होते, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पाणी आणतो. पाणी आणलं. ते प्यायले आणि गेले.

तर ताई, ऐक. मी तो हँडब्रेक ओढला असेल, नसेल, आधी ओढला असेल, नंतर ओढला असेल. काही फरक पडत नव्हता. त्या गाडीत माझ्या हाताला काही नव्हतं आणि पायाला काही नव्हतं. गाडी तू पळवलीस आणि तूच थांबवलीस. एकट्या तुझ्या पायानं. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये. किशोरशेठना विचार, मला नको विचारूस.

बघ, काल उंबऱ्यापाशी केलं तेच पुन्हा केलं. विचार म्हणालो.

एकदा तरी म्हण ना ताई, खोटारडा म्हण.